एक नाव जास्त

या, असे पुढं सरका. दाराशी वारा येतो, आणि माझा आवाज आता पूर्वीसारखा लांब जात नाही. कीर्तनकार बुवांची गाडी घाटात खोळंबली आहे म्हणतात. पेटी लावून झाली, तबला लावून झाला. नुसतं बसून जांभया देण्यापेक्षा मी एक आख्यान सांगतो. पोथीतलं नव्हे, माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं. त्यात एका मुलाचं नाव येतं. ते नाव तुमच्या कानांवर पडावं एवढ्यासाठीच हा खटाटोप.

पौषातली सकाळ होती. मळभ इतकं, की दिवस उगवलाय की मावळायला निघालाय ते कळेना. मी दुकानाचं शटर वर करतोय तोवर अण्णा शेट्यांचा फोन.

"मुकुंदराव, यंत्र कण्हायला लागलंय."

"कुठलं यंत्र?"

"मोठं. आतल्या खोलीतलं. दम्याचं म्हातारं कण्हतं बघा, तसं. या लगोलग."

आमच्या गावातल्या बऱ्याच दुकानांचे संगणक माझ्याकडे दुरुस्तीला असायचे, आणि अण्णांच्या रक्तपेढीतल्या तारा तर मी स्वतःच्या हातानं ओढलेल्या. काउंटरवर एक संगणक, प्रयोगशाळेत एक, डॉक्टरांच्या खोलीत एक, आणि या तिघांना पोटात घेऊन बसलेलं ते मोठं यंत्र शीतकपाटांशेजारच्या खोलीत. ज्यानं रक्त दिलं आणि ज्याला रक्त लागलं, अशा प्रत्येकाची नोंद त्याच्या पोटात.

मी गेलो तर कण्हणंही थांबलं होतं. आतली डिस्क नुसती 'कर्र, टक' करायची आणि गप्प व्हायची. पुन्हा 'कर्र, टक'. कुणीतरी आतून दार वाजवावं आणि बाहेरून कुणी उघडू नये, तसं.

"गेली डिस्क," मी म्हटलं.

अण्णांनी माझ्या दंडाला धरलं. "ह्या जागेत 'गेली' म्हणायचं न्हाई."

हे विरूपाक्षअण्णा शेटे. आधी मार्केट यार्डात गुळाची अडत होती त्यांची. मोठी. कपाळाला भस्माचे पट्टे, अंगात पांढरी बंडी. त्यांचा एकुलता मुलगा सिद्धेश्वर, आम्ही सगळे सिद्धू म्हणायचो, मोटरसायकलवरून येताना हायवेला ट्रकखाली आला. दवाखान्यात जिता पोचला. पण त्याचा गट दुर्मीळ, ओ निगेटिव्ह. गावात बाटली नव्हती. साताऱ्याहून निघाली ती पोचायच्या आत सगळं आटोपलं. दिवसकार्य झाल्यावर अण्णांनी अडतीला कुलूप लावलं ते लावलंच, आणि त्याच गाळ्यात ही रक्तपेढी उघडली. बोळात सिद्धूचा फोटो आहे. त्याला हार नाही. हार घातला की तो गेला असं होतं, म्हणायचे.

"घाबरू नका," मी म्हटलं. "नवी डिस्क आणलीय. राखीव प्रत आहे ना?"

"हाय की! देवाजवळ हाय."

मीच त्यांना बजावलं होतं की सगळ्या नोंदींची एक प्रत यंत्रापासून लांब, सुरक्षित ठेवत जा. वरच्या मजल्यावर त्यांचं घर. देव्हाऱ्यातल्या पिंडीशेजारी, रेशमी फडक्यात गुंडाळून, ती प्रत ठेवलेली असायची. याहून सुरक्षित जागा त्यांना ठाऊकच नव्हती. अण्णा जिना चढून गेले आणि दोन्ही हातांवर प्रसादाचं ताट आणावं तसं गाठोडं घेऊन आले. गाठोड्यात बाहेरून जोडायची नवी डिस्क, आणि खाली आधीच्या वर्षांच्या सीड्या.

मी आधी सीडी काढली. ती उलटी करून बघतो तर चकचकीत बाजूवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. पाण्यात कालवून काढलेलं, वाळून पापुद्रे सुटलेलं. दुसरी काढली, तिच्यावरही तेच.

"अण्णा, हे काय? ह्याच बाजूला तर सगळं लिहिलेलं असतं!"

"मग कुठल्या बाजूला लावायचं? देवीच्या पाठीला लावत्यात व्हय कुंकू?"

मागं डॉक्टर मृणाल बर्गे उभ्या होत्या, रक्तपेढीच्या प्रमुख. त्यांनी कपाळावर हात मारला. "दर पाडव्याला वहीपूजन होतं इथं, मुकुंदराव. वह्या राहिल्या नाहीत, तर सीड्यांचं. मला कुणी विचारत नाही."

"अडतीत तीन पिढ्या केलंय, डॉक्टरबाई. पाडव्याची पूजा चुकवून धंदा केला न्हाई कधी."

सीड्या गेल्याच होत्या. पण गाठोड्यातली डिस्क चांगली होती. तिच्यावर दिवाळीच्या पाडव्याला घेतलेली पूर्ण प्रत होती, आणि पुढच्या नोंदी रोजच्या रोज तिच्याच खाली जोडलेल्या. रोज संध्याकाळी हिरवी खूण यायची, 'प्रत घेतली'. मी मनात विठ्ठलाचं नाव घेतलं, यंत्रात नवी डिस्क बसवली आणि नोंदी तिच्यात भरायला लावल्या.

पडद्यावर एक चौकट आली.

'नावे व शेरे जुळत नाहीत. फरक : एक. तरीही भरायचे?'

हा प्रोग्राम कोल्हापूरच्या एका पोरानं लिहून दिलेला. त्याची राखीव प्रत अगदी साधी असायची. एका फायलीत ओळीनं सगळी नावं. दुसऱ्या फायलीत त्याच क्रमानं त्या माणसांचे रक्तगट आणि शेरे. भरताना प्रोग्राम पहिल्या नावाला पहिला शेरा जोडायचा, दुसऱ्याला दुसरा. आता तो म्हणत होता, नाव एक जास्त आहे. शेरा एक कमी.

मी त्या पोराला फोन लावला. तो आता परदेशी. रिंग जात होती, उचलत कुणी नव्हतं.

"एखादी नोंद अर्धवट राहिली असेल," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे एका माणसाचा प्रश्न आहे."

"एकाचा की सगळ्यांचा, ते कळल्याशिवाय पुढं जाऊ नये असं मला वाटतं."

"आणि बाहेर माणसं उभी आहेत, त्यांना काय सांगू? भरा. पण ताडून पाहिल्याशिवाय मीही विसंबणार नाही. तब्बसुम, माळ्यावरची नोंदींची जुनी कार्डं काढ. त्यांच्यावरून एकेक नोंद तपासू."

तब्बसुम मुलाणी प्रयोगशाळेतली. ती शिडी शोधायला गेली. मी अजून बोट उचलत नव्हतो. अण्णांनी "शिव शिव" म्हणून माझ्या खांद्यावरून हात पुढं केला आणि बटण दाबलं.

नोंदी भरल्या. एकही तक्रार नाही. नावं सरसर खाली उतरत गेली, प्रत्येक नावापुढं गट, प्रत्येक गटापुढं शेरा. इतकं नीटस, की बघत राहावं.

"बघा!" अण्णा म्हणाले. "देवाजवळ ठेवलेलं वाया जातंय व्हय?"

मला मात्र गोदूताई केंजळ्यांचं वाक्य आठवलं. त्यांचं कीर्तन तुम्ही ऐकलेलं नाही, तुम्ही पोरं. नऊवारी, पायात चाळ नाही, हातात नुसत्या चिपळ्या, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही वाटावं, बाई माझ्याच कानात सांगतेय. मी त्यांच्या मागं झांज धरून गावोगाव हिंडलेला माणूस. पूर्वरंग संपवून आख्यानात शिरताना त्या हलकेच म्हणायच्या, "संकट ओरडत येत नाही हो. ते चप्पल दाराशी काढून, पाय धुऊन घरात येतं. आणि आपण त्याला पाट मांडतो."

तेवढ्यात काउंटरवर चिठ्ठी आली.

चिठ्ठी आणणाऱ्या पोराचा चेहरा ओळखीचा वाटला. पोरगा कसला, चाळिशीचा गृहस्थ. अंगावर प्रवासाचे चुरगळलेले कपडे.

"दोन बाटल्या लागतील. लवकर. आई देवळाच्या पायरीवरून पडली, खुबा मोडलाय. डॉक्टर म्हणतात आजच ऑपरेशन."

मी चिठ्ठीवरचं नाव वाचलं. गोदावरी नारायण केंजळे.

"अरे, तू विश्वास! बडोद्याला असतोस ना? ताई कशा आहेत?"

"मुकुंदकाका! गुंगीत आहे. काल मामानं कळवलं, तसा निघालो."

डॉक्टरांनी नमुन्याची नळी घेतली. "आधी कधी रक्त दिलं होतं त्यांना? काही त्रास झाला होता?"

"मला नाही माहीत. तेव्हा मी शिकायला बाहेर होतो. बाबांना ठाऊक असतं, पण बाबा आता..."

"दिलं होतं," मी म्हटलं. "गर्भपिशवीच्या ऑपरेशनला. इथंच. मी होतो ना बरोबर." आणि ते सगळं मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. संगणक नवाच बसला होता तेव्हा. बदली रक्त द्यायला आम्ही दोघं आलो होतो, मी आणि ताईंचा धाकटा भाऊ. काउंटरवरच्या मुलीनं आधी माझं नाव घातलं, मग पेशंट म्हणून ताईंचं, मग भावाचं. "पण डॉक्टर, तेव्हा काहीतरी झालं होतं. नारायणराव याच बोळात भिंतीला टेकून रडत होते. पुण्याहून वेगळी बाटली मागवली होती."

"काय झालं होतं?"

"ते नाही माहीत. मला सांगितलं तरी कळलं नसतं."

डॉक्टरांनी संगणकावर नाव घातलं. नोंद क्षणात उघडली. त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला.

'केंजळे गोदावरी नारायण. बी पॉझिटिव्ह. दोष नाही.'

"पुण्याहून मागवली असेल ती इथं साठा नव्हता म्हणून," त्या म्हणाल्या. "तरी मी त्यांचा नमुना बाटलीतल्या रक्ताशी दोनदा जुळवते."

त्या आत गेल्या. बाहेर लाइट गेली; प्रयोगशाळा आणि शीतकपाटं मात्र इन्व्हर्टरवर चालू राहिली. काउंटरखालची संगणकाची बॅटरी पिकपिक करायला लागली, आणि बोळातल्या अंधारात शीतकपाटांची घरघर तेवढी राहिली. तब्बसुम माळ्यावर चढली होती, पण उजेडावाचून तिला काही सापडेना. "अण्णा, टॉर्च द्या की वर!" असं ती ओरडत होती. विश्वास बाकावर बसून गुडघा हलवत होता. मी उगाच ताईंच्या त्या नोंदीकडं बघत होतो. नाव बरोबर, गट बरोबर. काहीही चुकीचं नव्हतं. तरी मी ती पुन्हा पुन्हा वाचत होतो.

डॉक्टर बाहेर आल्या. "दोन्ही वेळा जुळलं. गट जुळला, रक्त जुळलं, जुनी नोंद जुळली. घेऊन जा."

बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या. विश्वास डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसला. जाताना हात जोडून म्हणाला, "काका, आईला तुम्ही सगळे आहात म्हणून मी तिकडं निश्चिंत असतो."

रिक्षा कोपऱ्यावरून वळली. जनरेटर सुरू झाला. मी खुर्चीत बसलो. कार्डं खाली येईपर्यंत काही ताडून पाहायचं, तर ज्याची नोंद मला तोंडपाठ आहे असा एकच माणूस हाती होता. मी स्वतः. दर वर्षी नामसप्ताहाच्या शिबिरात रक्त देणारा. ओ पॉझिटिव्ह, ठणठणीत.

माझं नाव घातलं.

'गुरव मुकुंद केशव. बी पॉझिटिव्ह.'

मी डोळे चोळले. खालचा शेरा वाचला.

'तीन बाळंतपणं. मागे रक्त दिल्यावर ताप व कावीळ. अँटीबॉडी आढळली. साधे जुळवलेले रक्त देऊ नये, जिवास धोका. पुण्याहून तपासून मागवावे.'

अण्णा मागं उभे होते. त्यांनी वाचलं आणि हसू फुटलं त्यांना. "मुकुंदराव! तीन बाळंतपणं? कधी हो उरकलीत?"

मला हसू आलं नाही. माझ्या पाठोपाठ नाव कुणाचं घातलं होतं, ते माझ्या लक्षात आलं होतं.

"डॉक्टर!" मी ओरडलो ते कसं ओरडलो मला माहीत नाही. "हा शेरा ताईंचा आहे! माझ्या नावावर ताईंचा शेरा आलाय. ताईंच्या नावावर भावाचा आलाय. सगळे एक-एक घर सरकलेत!"

डॉक्टरांनी पडद्यावर वाचलं. त्यांचा चेहरा बघितला आणि अण्णांचं हसू जागच्या जागी विझलं.

"पण तुम्ही दोनदा जुळवलं ना?" मी म्हटलं.

"जुळणारच." त्या फोनकडं धावल्या होत्या, नंबर फिरवता फिरवता बोलत होत्या. "शरीर एकदा शत्रू ओळखून ठेवतं. वर्षं गेली की खूण पुसट होते, तपासणीत दिसत नाही. पण शरीर विसरत नाही. पुन्हा तसलं रक्त आत गेलं की उठतं. म्हणून तर जुनी नोंद ठेवायची असते... एंगेज. एंगेज लागतोय. मुकुंदराव, जा तुम्ही. गाडी आहे ना? मी फोन लावत राहते. जा!"

स्कूटर मी कशी चालवली ते विचारू नका. बाजाराचा दिवस. भाजीवाल्यांच्या पाट्या रस्त्यात, बैलगाडी आडवी, आणि माझ्या तोंडी नामस्मरण आणि शिव्या एकाच श्वासात. एक बाई म्हणाली, "मेल्या, देवाचं नाव घेतोस आणि अंगावर येतोस?" सगळा वेळ मला दिसत होतं ते एकच. पाय धुऊन घरात आलेलं संकट, आणि त्याच्यासाठी मांडलेला पाट. पाट आम्हीच मांडला होता. डब्यात बर्फ घालून, हात जोडून.

दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर विश्वास उभा. हातातला डबा रिकामा.

"बाटली कुठाय?"

"आत नेली. का?"

मी दार ढकललं. आतून नर्स अंगावर आली. "अहो, चपला! कुठं घुसताय?"

"रक्त थांबवा! गोदूताईंना ते चालत नाही! रक्तपेढीतून आलोय, बर्गे मॅडमनी पाठवलंय!"

"काय बोलताय तुम्ही? जुळवून आलंय. सही आहे त्यांची."

"सही त्यांचीच आहे. थांबवायलाही त्यांनीच सांगितलंय. सिस्टर, मी पाया पडतो तुमच्या."

तिच्या खांद्यावरून मला दिसलं. गोदूताई. इतक्या लहान दिसत होत्या त्या पांढऱ्या चादरीखाली. वर बाटली टांगलेली. नळीत रक्त उतरलेलं, तांबडी रेघ हळूहळू त्यांच्या हाताकडं निघालेली. भूल देणारे डॉक्टर नळीवरच्या चाकाशी वाकलेले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, नर्सकडं पाहिलं, आणि चाक फिरवलं. रेघ थांबली. सुईपासून वीतभर अंतरावर असेल.

त्याच वेळी बाहेरच्या टेबलावरचा फोन वाजला. नर्सनं उचलला. "हो मॅडम... हो... नाही, सुरू केलेलं नाही. नाही, नाही, थेंबही नाही." आणि मग ती हातात फोन तसाच धरून खाली बसली.

विश्वास माझी कॉलर धरून विचारत होता, "काय देणार होतात तुम्ही माझ्या आईला? काय देणार होतात?" मी त्याला धरून ठेवलं, एवढंच.

ऑपरेशन पुढं ढकललं. पुण्याला नमुना गेला, तिथून पारखून बाटल्या आल्या. ते सगळं नंतर. त्या दुपारी मी परत रक्तपेढीत आलो तेव्हा डॉक्टरांनी एकही बाटली बाहेर सोडायची नाही असं काउंटरवर लिहून लावलं होतं. सकाळपासून गेलेल्या आणखी दोन बाटल्यांचा पाठपुरावा त्यांनी स्वतः केला होता. दोन्ही पेशंट नवे होते, जुनी नोंद नसलेले. देवाची कृपा. तब्बसुमनं माळ्यावरून आणलेल्या कार्डांचा ढीग टेबलावर होता, आणि त्यातलं एकही कार्ड पडद्याशी जुळत नव्हतं.

"आता सांगा," डॉक्टर म्हणाल्या, "हे सरकलं कुठून?"

मी अण्णांची डिस्क जोडली आणि नावांची फाइल प्रोग्रामशिवाय, नुसती उघडली. पहिल्याच ओळीवर माझी नजर थांबली.

'॥ श्री ॥'

त्याखाली दुसरं नाव, 'शेटे सिद्धेश्वर विरूपाक्ष.' त्याखाली तिसरं, चौथं, हजारो.

"अण्णा," मी म्हटलं. "हे तुम्ही?"

अण्णा चष्मा पुसत जवळ आले. "व्हय. पाडव्याला. नवी डिस्क आणली न्हवती का? सीडीवर आत लिहिता येत नव्हतं, हिच्यावर येत हुतं. म्हटलं, अडतीत कोऱ्या वहीवर पहिलं नाव देवाचं. मगच माणसांचं. पोरानं लिहिलेल्या प्रोग्रामात देवाला जागाच न्हवती, म्हणून मी केली." ते थांबले. त्यांच्याही ध्यानात येत चाललं होतं. "का वं?"

मी दुसरी फाइल उघडली, शेऱ्यांची, आणि दोन्ही शेजारी शेजारी लावल्या. नावांच्या फायलीत देव वर बसला होता, शेऱ्यांच्या फायलीत नव्हता. म्हणून पहिला शेरा देवाच्या वाट्याला गेला होता.

'॥ श्री ॥ — ओ निगेटिव्ह. रक्त वेळेवर मिळाले नाही. मयत.'

रक्तपेढी उघडली त्या दिवशी पहिली नोंद अण्णांनी स्वतः घातली होती, मुलाची. ती आता देवापुढं उभी होती. अण्णांचे ओठ हलले, पण 'शिव' बाहेर आला नाही. टेबलाची कड धरून ते खुर्चीत बसले.

"खोडा," डॉक्टर हलकेच म्हणाल्या. "पहिली ओळ खोडली की सगळं जागेवर येईल ना?"

"येईल."

"मग?"

माझं बोट बटणावर होतं. ते खाली जाईना. तुम्ही हसाल. पण जन्मभर कीर्तनात झांज धरून उभा राहिलेला माणूस मी, बुवांनी नाव घेतलं की ज्याचे हात आपोआप जुळतात. मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. "माझ्यानं न्हाई व्हायचं. अन् तुम्ही तर नगाच."

"दोघंही सरका," डॉक्टर म्हणाल्या. "मी खोडते. मला पाप लागलं तरी चालेल."

"थांबा, डॉक्टर," मी म्हटलं. "नाव काढायला कशाला हवं? देवालाही एक शेरा देऊ. शेऱ्यांत वर एक ओळ घातली की बाकीचे सगळे एक घर खाली येतील. ज्याचं त्याला मिळेल."

"कोरी ओळ?"

"कोरी ओळ प्रोग्राम घेत नाही. काहीतरी लिहावं लागेल. गट आणि शेरा."

अण्णा बोलले, घसा खाकरून, अडतीत मुनिमाला मजकूर सांगावा तसे.

"लिहा. गट, सर्वांना चालेल."

मी लिहिलं.

"दोष, न्हाई."

मी लिहिलं. एक बटण दाबायचं बाकी राहिलं. अण्णांनी माझं मनगट धरलं.

"जरा ऱ्हाऊ द्या."

ते पडद्यावर दुसऱ्या ओळीकडं बघत होते. सिद्धूच्या नावाकडं. सरकलेल्या फायलीत त्याच्यापुढं पुढच्याच माणसाचा शेरा आला होता. कुणी धडधाकट रक्तदाता असावा.

'शेटे सिद्धेश्वर विरूपाक्ष — प्रकृती उत्तम. पुन्हा बोलवावे.'

डॉक्टर बर्गे खिडकीकडं वळल्या. तब्बसुमनं तोंडावर ओढणी धरली. अण्णांनी ती ओळ बोटानं, अक्षर न् अक्षर करत वाचली. एकदा वाचली. पुन्हा वाचली.

"पाडव्यापासनं असं हुतं हे? माझ्या देव्हाऱ्यात? माझ्या उशाला?"

"हो, अण्णा."

"अन् मी इकडं फोटोला हार घालत न्हवतो." ते हसले बहुतेक. मला नीट दिसलं नाही. मग त्यांनी विचारलं, "हे असंच ठिवलं तर? हीच एक ओळ?"

"एक ठेवली तर सगळ्या राहतात, अण्णा. गोदूताईंची पण."

त्यांनी मान डोलावली. बंडीला बोटं पुसली, पूजेला बसायच्या आधी पुसतात तशी. आणि बटण स्वतः दाबलं.

सगळे शेरे एक-एक घर खाली उतरले. माझ्यापुढं माझा ओ पॉझिटिव्ह आला. गोदूताईंपुढं त्यांचा धोका आला. देवापुढं 'सर्वांना चालेल' आलं. आणि सिद्धूपुढं त्याचं जे होतं ते आलं.

अण्णा उठले, बोळात गेले. थोड्या वेळानं मी पाहिलं, फोटोला झेंडूचा हार होता.

गोदूताईंनी त्यानंतर खुर्चीत बसून कितीतरी कीर्तनं केली. त्यांनी आणि अण्णांनी दोघांनीही आपापल्या वेळी हे जग सोडलं. रक्तपेढी चालू आहे. प्रोग्राम बदलला, यंत्रं बदलली, पण नावांच्या यादीत पहिली ओळ अजून तीच आहे, मी जाऊन बघून येतो. ती तशी राहील. तिची काळजी घ्यायला तुम्ही नकोत.

दुसऱ्या ओळीची घ्या. बुवांची गाडी आली वाटतं, हॉर्न वाजला. उद्या रक्तदानाच्या शिबिरात खाटेवर पडाल, दंडाला पट्टा बांधतील, मूठ आवळायला सांगतील, तेव्हा मूठ आवळताना एक नाव मनात घ्या. सिद्धेश्वर शेटे. त्याला वेळेवर मिळालं नाही. त्याला आठवा.